साहेब रजेवर जाणार, ही नोटीस लिहिताना

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी प्रशासन आणि एचआरचं काम बघते. गाड्यांना लागणारे छोटे सुटे भाग आम्ही बनवतो. संगणकावर चालणारी सीएनसी आणि व्हीएमसी मशीन, तीन पाळ्या, इथली नेहमीची गुरुवारची सुट्टी. अशा ठिकाणी हजेरीपासून कॅन्टीनच्या कुपनांपर्यंत सगळं फिरून एकाच टेबलावर येतं. २०२४ च्या मार्चमध्ये आमचे कारखाना व्यवस्थापक सहा आठवडे रजेवर जाणार असं ठरलं आणि ते सगळ्यांना कळवणारं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पत्र शेवटी एका पानाचंच झालं. पण ते लिहिताना आमचा कारखाना रोजच्या रोज कुणाच्या भरवशावर चालतो हे मला जितकं कळलं, तितकं आधीच्या सगळ्या नोकरीत कळलं नव्हतं. असं पत्र प्रत्येक कचेरीत कधी ना कधी कुणाला तरी लिहावं लागतं, आणि बहुतेक वेळा जुन्या फायलीतला नमुना काढून, नाव आणि तारीख बदलून ते उरकलं जातं. आमच्याही फायलीत तो होता: "सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, श्री. अमुक हे काही अपरिहार्य कारणास्तव रजेवर जात आहेत. त्यांच्या अनुपस्थितीत श्री. तमुक काम पाहतील. सर्वांनी सहकार्य करावे." दोन दिवसांच्या रजेला हे चालून जातं. सहा आठवड्यांच्या रजेला हे पत्र लावणं म्हणजे लोकांना वाऱ्यावर सोडणं आहे, असं माझं ठाम मत आहे.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, धाकट्या भावाला किडनी देतोय. तपासण्या जुळल्यात. तुम्ही आणि मोठे साहेब सोडून हे कुणाला कळायला नको." मोठे साहेब म्हणजे मालक. आजाराची चर्चा भावाला नको होती. त्याने स्वतःच्या नोकरीच्या ठिकाणीही मोजक्याच लोकांना सांगितलं होतं, आणि भोसरीत एका कंपनीतली गोष्ट दुसऱ्या कंपनीत पोचायला एक चहाची टपरी पुरते. आता दोघेही भाऊ चांगले आहेत, साहेब स्वतःच लोकांना अवयवदानाबद्दल सांगतात, आणि हे लिहायलाही त्यांनी आनंदाने हो म्हटलं. तेव्हा मात्र कारण न सांगता पत्र लिहायचं होतं.

दुसरी अडचण तारखेची. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे. त्यात भावंडं जवळचे नातेवाईक धरली जातात, म्हणून त्यांचा मार्ग जरा सोपा. तरी नात्याचे पुरावे, संमती, एकामागून एक तपासण्या हे सगळं पुरं व्हावंच लागतं. शिवाय ज्याला किडनी बसवायची त्याला साधा ताप आला तरी शस्त्रक्रिया पुढे जाते. म्हणजे साहेब कधी जाणार हे सांगता येत होतं, कधी परत येणार हे नाही. रजेचा हिशोब मालकांनीच सोडवला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अवयव दिल्यावर ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, ही सवलत २०२३ मध्ये आली. खासगी कारखान्याला ती लागू नाही. मालक म्हणाले, "सरकार देतं तर आपणही देऊ," आणि २० मार्च ते ३० एप्रिल अशी पगारी रजा मंजूर केली.

महिना मात्र अवघड होता. मार्चअखेर, साठ्याची मोजणी, ऑडिटरची माणसं दारात. त्यातच युनियनबरोबरचा तीन वर्षांचा वेतन करार ३१ मार्चला संपत होता आणि नव्या मागणीपत्रावर बैठका चालू होत्या. तपासण्यांसाठी साहेब अधूनमधून अर्धा दिवस गायब असायचे. तेवढ्यावर कॅन्टीनमध्ये सुरू झालं होतं: साहेब चाकणच्या कुठल्याशा कंपनीत चालले, नाहीतर मालक युनिट विकणार म्हणून साहेब आधीच बाहेर पडतायत. कराराच्या तोंडावर अशा बोलण्याला लोक हसत नाहीत. ज्याच्या पगारवाढीवर मुलीची फी अवलंबून आहे तो रात्री घरी जाऊन हेच बोलतो.

म्हणून मी पत्र लिहायला बसलेच नाही. आधी वही घेऊन कारखाना फिरले. सह्यांचे अधिकार एकदा लिहून काढायचे आहेत एवढंच सांगितलं, आणि ते खरंच होतं. प्रत्येक विभागात प्रश्न एकच: साहेबांच्या सहीवाचून तुमचं कुठलं काम अडतं?

खरेदीवाल्यांनी लगेच सांगितलं, ठरावीक रकमेवरच्या सगळ्या ऑर्डरी. ते मला माहीत होतं. स्टोअरच्या काकांकडे मात्र वेगळंच निघालं. त्यांनी इन्सर्टचं रजिस्टर उघडून दाखवलं. इन्सर्ट म्हणजे मशीनवर धातू कापणारी छोटी धार, महागाची वस्तू. ठरल्यापेक्षा जास्त इन्सर्ट कुणी मागितले तर त्या ओळीसमोर पेन्सिलीने बारीक खूण असायची. ती खूण साहेबांची. रोज सकाळच्या फेरीत ते स्टोअरच्या खिडकीशी थांबायचे, रजिस्टरवर नजर टाकायचे आणि खूण करून पुढे जायचे. हे कुठल्याही कार्यपद्धतीत लिहिलेलं नव्हतं. काका म्हणाले, "मॅडम, साहेबांची खूण नसली तर मी देत नाही. मग पोरं माझ्याशी भांडतात." म्हणजे साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं भांडण स्टोअरच्या खिडकीवर झालं असतं, आणि कुठल्याही नमुना पत्रात त्याचं उत्तर नव्हतं.

गेटवर सुरक्षारक्षकाने दोन पुस्तकं काढली. एक परत येणाऱ्या मालाच्या गेटपासचं, दुसरं भंगाराचं. टर्निंगच्या, म्हणजे मशीनवर कापलेल्या धातूच्या चुऱ्याच्या, भंगाराची गाडी वजनकाट्यावरून आली की पावतीवर साहेबांची सही लागते, त्याशिवाय फाटक उघडत नाही. मशीनवर भाग पकडून ठेवणारं जिग-फिक्श्चर दुरुस्तीला बाहेर पाठवायचं तरी तेच. टाईम ऑफिसमध्ये, म्हणजे जिथे हजेरी ठेवतात तिथे, ओव्हरटाईमचं निघालं. ओव्हरटाईमला दुप्पट दराने पगार द्यावा लागतो, म्हणून मंजुरी साहेब स्वतःकडे ठेवत. मेंटेनन्सवाल्यांना मशीन कंपनीचा इंजिनिअर बोलवायचा तर साहेबांना विचारावं लागे, कारण त्या भेटीचा खर्च मोठा.

तिसऱ्या पाळीच्या पाळीप्रमुखांना मी मुद्दाम रात्री थांबून भेटले. ते बोलायला लागले आणि मी लिहून घेत गेले. "रात्री अडीचला काही झालं की साहेबांनाच फोन लागतो, मॅडम. लाईट गेली, जनरेटरचं डिझेल संपत आलं, दोघांत बाचाबाची झाली, कुणाचं बोट कापलं." कुणाचं बोट कापलं तर आधी फोन कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "गाडी कुठली न्यायची, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, पैसे कोण भरणार? मी नेलं आणि उद्या कुणी विचारलं तर?" हा माणूस कित्येक वर्षं रात्रपाळी सांभाळतोय, आणि जखमी माणसाला दवाखान्यात न्यायची परवानगी आपल्याला आहे हे त्याला कुणी कधी कागदावर दिलेलं नव्हतं. त्या रात्री घरी जाताना माझ्या मनात पत्रातलं एक वाक्य पक्कं झालं होतं.

आणि मग रजेचे अर्ज. एप्रिल आला की आमच्याकडे रजांचा पूर येतो. मराठवाड्यातल्या मुलांना गावच्या यात्रा आणि लग्नसराई, उत्तर प्रदेश-बिहारकडच्या मुलांना गव्हाची कापणी. त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ मध्ये भरपगारी रजेचा अर्ज निदान १५ दिवस आधी करावा असं होतं, आणि तो करायचा कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे. कामगारांच्या दृष्टीने साहेबांच्या गैरहजेरीचा पहिला अर्थ हाच होता: माझी रजा आता कोण मंजूर करणार, आणि साहेबांनी तोंडी दिलेला शब्द नवा माणूस पाळणार का? एका ऑपरेटरच्या बहिणीचं लग्न होतं. साहेब त्याला "जा रे, काळजी करू नको" म्हणाले होते, अर्ज मात्र कोराच. मी साहेबांना सांगितलं की जाण्याआधी एक दिवस फक्त रजांसाठी काढा. त्यांनी काढला. सगळे अर्ज समोर घेऊन, पाळीप्रमुखांना बोलावून, प्रत्येकावर हो किंवा नाही लिहून सही केली. बहिणीच्या लग्नाचाही अर्ज त्यात होता.

कायद्याची बाजू मी आमच्या लेबर कन्सल्टंटबरोबर बसून तपासली. कारखाने अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे कारखान्याला एक भोगवटादार असतो, म्हणजे अंतिम ताबा असलेला माणूस, आमच्याकडे संचालक, म्हणजे मालक. आणि एक नेमलेला व्यवस्थापक असतो. नवा व्यवस्थापक नेमला तर त्याने कार्यभार घेतल्यापासून सात दिवसांत निरीक्षकाला लेखी कळवावं लागे. त्याच कलमात पुढे म्हटलं होतं की नेमलेला व्यवस्थापक प्रत्यक्ष काम बघत नसेल त्या काळात जो कुणी व्यवस्थापकाचं काम करताना आढळेल तोच कायद्याने व्यवस्थापक धरला जाईल, आणि तसा कुणी आढळला नाही तर भोगवटादार स्वतः. हे वाचून आमचे उत्पादन विभागप्रमुख गंभीर झाले, कारण काम बघणारे तेच होते. त्यांच्यावर एवढी जबाबदारी येणार असेल तर त्यांना अधिकारही लेखी मिळायला हवेत, हे मी मालकांपुढे लावून धरलं. त्यामुळे नोटिशीच्या आधी त्यांच्या नावाचं अधिकारपत्र निघालं: किती रकमेपर्यंतची खरेदी, कुठल्या सह्या, कुठल्या तारखेपासून. ते पत्र आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायचं पत्र एकाच दिवशी तयार झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या आहेत, तेव्हा आज असं पत्र लिहिणाऱ्याने कलमं नव्याने बघून घ्यावीत.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती गुणवत्ता विभागाबद्दल. एरवी उत्पादन आणि गुणवत्ता हे दोन्ही विभागप्रमुख साहेबांच्या हाताखाली बरोबरीचे. आता उत्पादनवाले साहेबांच्या खुर्चीत बसले की गुणवत्तावाले त्यांच्या हाताखाली येणार. महिनाअखेरीला डिस्पॅचचा आकडा गाठायचा असतो आणि माल मापात किंचित बाहेर असतो, तेव्हा एकाच माणसाने दोन्ही टोप्या घालू नयेत. वाहन उद्योगातल्या आयएटीएफ १६९४९ या मानकातही मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी असलेल्यांना उत्पादन आणि माल रवाना करणं थांबवायचा अधिकार असलाच पाहिजे असं आहे, आणि तो प्रत्येक पाळीत. उत्पादनप्रमुखांना आधी हे लागलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं त्यांनी विचारलंही. साहेबांनी त्यांना समजावलं: "अरे, तुझ्यावर दोन्हीकडून दाब येऊ नये म्हणून करतोय. मला रोज हेच करावं लागतं आणि रात्री झोप लागत नाही." गुणवत्ताप्रमुखांनी त्या काळात थेट मालकांना कळवायचं, असं ठरलं.

एवढं झाल्यावर पत्र लिहायला फार वेळ लागला नाही. मसुदा मी साहेबांसमोर ठेवला. फोनच्या मुद्द्यावर आमचं जमेना. ते म्हणत होते, "लिहा, अडलं तर फोन करा म्हणून. मी दवाखान्यात नुसता पडूनच असणार." मी ऐकलं नाही. एकदा फोनची वाट उघडी ठेवली की इन्सर्टपासून भंगारापर्यंत सगळे त्याच वाटेने जातात, अधिकारपत्र कपाटात राहतं आणि पोटाला टाके घातलेला माणूस कॉटवरून गेटपास मंजूर करत बसतो. शेवटी त्यांच्या पत्नीने सांगितलं तेव्हा ते मानले. नावं गाळून पत्र असं होतं:

"सर्व कर्मचारी व कामगार यांस,

विषय: कारखाना व्यवस्थापकांची रजा आणि त्या काळातील कामाची व्यवस्था

आपले कारखाना व्यवस्थापक २० मार्चपासून ३० एप्रिलपर्यंत वैयक्तिक कारणासाठी रजेवर आहेत. ही रजा आधी ठरवून घेतलेली आहे. रजा संपल्यावर ते याच पदावर रुजू होतील.

या काळात कारखाना व्यवस्थापक म्हणून उत्पादन विभागप्रमुख काम पाहतील. रजा, उचल, ओव्हरटाईम, गेटपास, भंगार आणि ठरल्यापेक्षा जास्त टूल यांची मंजुरी त्यांच्याकडे घ्यावी. दुसऱ्या व तिसऱ्या पाळीत टूल व गेटपाससाठी पाळीप्रमुखांची सही चालेल.

माल पास करणे, थांबवणे किंवा वेगळा काढणे याचा निर्णय गुणवत्ता विभागप्रमुखांचा राहील. मतभेद झाल्यास संचालक निर्णय देतील.

रजेच्या ज्या अर्जांवर व्यवस्थापकांनी सही केली आहे ते मंजूर आहेत आणि मंजूरच राहतील. यादी टाईम ऑफिसमध्ये पाहता येईल. मार्चचा पगार ७ एप्रिलच्या आत जमा होईल. वेतन कराराच्या बैठका ठरलेल्या तारखांनाच होतील आणि त्यांना संचालक स्वतः बसतील.

कोणालाही इजा झाल्यास पाळीप्रमुखांनी ताबडतोब दवाखान्यात न्यावे. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. गाडीची चावी सुरक्षा चौकीत आहे.

रजेच्या काळात व्यवस्थापकांना कामासाठी फोन किंवा मेसेज करू नये.

याबाबतची पुढची सूचना २२ एप्रिल रोजी याच फलकावर लावली जाईल."

शेवटच्या ओळीबद्दल थोडं सांगते. परत येण्याची तारीख हलू शकते हे मला माहीत होतं. ३० एप्रिल उलटून गेला असता आणि साहेब दिसले नसते, तर कॅन्टीनमधलं बोलणं पुन्हा सुरू झालं असतं, या वेळी दुप्पट जोराने. "पुढील सूचना मिळेपर्यंत" असं लिहिण्याने काही साधत नाही, ती सूचना कधी मिळणार हेच कुणाला माहीत नसतं. साहेबांची तारीख माझ्या हातात नव्हती, पण पुढच्या नोटिशीची तारीख होती. ती देऊन टाकली.

कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत असाव्यात, असं कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये होतं. हे पत्र तसं त्या सूचनांपैकी नव्हतं, पण आमच्याकडे मराठीखालोखाल हिंदी बोलणारी मुलं आहेत, म्हणून मराठी आणि हिंदी दोन्ही लावायचं ठरवलं. हिंदी मी बिहारच्या एका जुन्या ऑपरेटरकडून वाचून घेतलं. त्याने पूर्ण वाचलं, मान हलवली आणि विचारलं, "मॅडम, अॅडव्हान्स कौन देगा?" गावी जाताना पगारातून उचल घ्यायची असते, आणि तीही साहेबांच्याच सहीने. मंजुरीच्या वाक्यात उचल हा शब्द त्याच्यामुळे आला.

सांगायचा क्रमही आम्ही ठरवून घेतला. १८ तारखेला सकाळी साहेबांनी स्वतः विभागप्रमुखांना सांगितलं. त्यानंतर युनियनची कमिटी. अध्यक्षांनी एकच विचारलं, "साहेब परत येणार हे लेखी आहे ना?" मी दुसऱ्या ओळीतलं वाक्य दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मग पोरांचं मी बघतो." दुपारी पाळी बदलताना पहिली आणि दुसरी पाळी एकत्र असते, तेव्हा साहेबांनी शॉपवर, म्हणजे मशीनच्या हॉलमध्ये, उभं राहून चार वाक्यं बोलली आणि मी पत्र वाचून दाखवलं. तिसऱ्या पाळीला रात्री पाळीप्रमुखांनी वाचून दाखवलं. ग्रुपवर फोटो टाकायचा तो तिन्ही पाळ्यांना समोरासमोर सांगून झाल्यावरच, हे मी आधीच बजावलं होतं. आपल्या साहेबांची बातमी माणसाला बसमध्ये मोबाईलवर कळू नये.

वाचून झाल्यावर शॉपमध्ये मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, तब्येत बरी आहे ना?" साहेब म्हणाले, "माझी उत्तम आहे." ते खरंच होतं.

एप्रिलच्या मध्यावर एका संध्याकाळी पत्राची खरी गरज पडली. बुश म्हणजे नळीसारखा पोकळ छोटा भाग. एका बुशचा आतला व्यास मापापेक्षा किंचित मोठा निघाला, मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरक. गाडी डिस्पॅचला लागलेली, ग्राहकाकडून फोनावर फोन. उत्पादनप्रमुखांचं म्हणणं, असेंब्लीत हे चालून जाईल, आधी कधीतरी गेलंही आहे. गुणवत्ताप्रमुख आतला व्यास मोजायचं बोअर गेज हातात घेऊन उभे होते आणि माल सोडायला तयार नव्हते. आवाज चढले. कुणीतरी म्हणालं, साहेबांना एक फोन लावू, दोन मिनिटांचं तर काम. साहेबांची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. तिथेच असलेले पाळीप्रमुख म्हणाले, "फलकावर लिहिलंय, साहेबांना फोन नाही. मतभेद झाला तर मोठ्या साहेबांना." मालकांना फोन गेला. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि माल थांबवायला सांगितला. रात्री दोन माणसं बसवून एकेक बुश मोजला, चांगले वेगळे काढले आणि सकाळी तेवढे पाठवले. ग्राहकाला उशिराचं कारण गुणवत्ताप्रमुखांनी स्वतः कळवलं. उत्पादनप्रमुख दुसऱ्या दिवशी जरा गप्प होते, पण त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि दोघांमध्ये कडवटपणा राहिला नाही. निर्णय कुणाचा हे महिनाभर आधीच भिंतीवर लागलेलं होतं, त्यामुळे त्यात कुणाची हार झाली नाही.

भावाला मधे ताप आल्यामुळे शस्त्रक्रिया जवळजवळ आठवडाभर पुढे गेली होती. त्यामुळे २२ एप्रिलच्या नोटिशीत रजा ८ मेपर्यंत वाढवल्याचं लिहावं लागलं. बाकी व्यवस्था तीच, रुजू होण्याची नवी तारीख १० मे, कारण ९ ला गुरुवार. २२ एप्रिलला सकाळी सात वाजता मी फलकाशी गेले तर दोघं-तिघं आधीच उभे होते. तारीख लक्षात ठेवून आले होते. नवी नोटीस वाचली आणि कामाला गेले. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी मुद्दाम कान देऊन बसले होते. करारातल्या रकमेवर जोरात बोलणं चाललं होतं, साहेबांचं नाव कुणी काढलं नाही.

अक्षय्य तृतीयेला साहेब रुजू झाले. जड उचलायची मनाई होती, म्हणून बॅग ड्रायव्हरने आणली. मी त्याच दिवशी तिसरी नोटीस लावली, आणि ही बहुतेक ठिकाणी राहून जाते: व्यवस्थापक रुजू झाले आहेत, आजपासून आधीचं अधिकारपत्र रद्द. बँकेला, गेटला, स्टोअरला आणि संचालनालयाला त्याच्या प्रती गेल्या. रद्द केलं नाही तर दोन माणसांच्या सह्या एकाच कामावर चालत राहतात आणि वर्षभराने ऑडिटर येऊन विचारतो. सात आठवड्यांत घेतलेले सगळे मोठे निर्णय उत्पादनप्रमुखांनी एका वहीत तारीखवार लिहून ठेवले होते. साहेबांनी दार लावून ती वही पहिल्या पानापासून वाचली. बुशच्या मालाचं पान वाचून झाल्यावर त्यांनी गुणवत्ताप्रमुखांना आत बोलावलं.

बाकी सह्या त्यांच्याकडे परत गेल्या. इन्सर्टची खूण आणि ओव्हरटाईमची मंजुरी मात्र त्यांनी परत घेतली नाही. पाळीप्रमुखांचा दवाखान्याचा अधिकार कायमचा करायला सांगितला, तो आता सुरक्षा चौकीच्या भिंतीवर वेगळ्या कागदावर आहे, गाडीच्या चावीच्या वरच.